निवेदन लिहायच्या आधी कायदा कसा शोधायचा: रापण, पर्ससीन आणि सायबाच्या हातात काय आसा

आमच्या किनाऱ्यावर निवेदनाचा एक ठरलेला साचा आहे. वर "प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब", खाली "विषय : पारंपरिक मच्छीमारांना न्याय मिळणेबाबत", मग दीड पान पोटतिडकीने लिहिलेलं, शेवटी "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" आणि त्याच्याखाली पन्नास सह्या, त्यातल्या दहा एकाच हस्ताक्षरातल्या. मी स्वतः असली सात-आठ निवेदनं लिहिलीयत त्यामुळे हसायचा हक्क आहे मला. उत्तर काय यायचं तर "आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी अमुक कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे." की विषय संपला.

एकदा असंच एक निवेदन मी रापणीवर (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं पारंपरिक जाळं) मोठ्याने वाचून दाखवत होतो, चांगलं चार पानी, मध्ये मध्ये संविधान वगैरे. जाळं शिवत बसलेले एक काका सगळं ऐकून म्हणाले, "ह्या सगळा खरा रे बाबू, पण त्या सायबाच्या हातात काय आसा ता सांग आधी." मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी शोधायची पद्धतच उलटी केली. आधी सायबाची खुर्ची, मग त्या खुर्चीला अधिकार देणारं कलम, आणि आपलं दुःख त्याच्यानंतर. खाली तेच सगळं नवख्या माणसासाठी लिहितोय, वकील नसलेल्या. उदाहरण पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडीचं (रात्री झगझगीत दिवे लावून मासे गोळा करायचं) घेतलंय कारण मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात ते रोजचं आहे, पण रस्ता, धक्का, खाण, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे निर्बंध) कशालाही हाच क्रम चालतो.

पहिलं: मागणी एका वाक्यात बसते का बघा

"पर्ससीन बंद करा" ही घोषणा झाली. कोणी बंद करायचं, कुठल्या पाण्यात, कुठल्या कागदाने, हे त्यात नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं, "राज्य सरकारने सल्लागार समितीशी चर्चा करून आपल्या सागरी हद्दीत पर्ससीनचे नवे परवाने देणं थांबवावं आणि हंगामाबाहेर चालणाऱ्या बोटींवर कारवाई करावी". आता यात कर्ता आहे, क्रिया आहे, हद्द आहे. कोणी सही करायची ते दिसतंय. एवढं एक वाक्य जमेपर्यंत गुगल उघडू नका, कारण नाहीतर तुम्ही रात्री दोनपर्यंत जगभरच्या ओव्हरफिशिंगवर वाचत बसाल आणि सकाळी हातात काही नसेल. (अनुभव.)

दुसरं: पाणी कोणाचं

कायद्याच्या शोधात लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी. मासेमारी राज्याच्या यादीत आहे, नोंद २१. पण केंद्राच्या यादीतली नोंद ५७ म्हणते की प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राची. प्रादेशिक समुद्र म्हणजे १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर, आणि तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र, ज्याला बोटीवरचे सगळे सरळ ईईझेड म्हणतात. ही मोजमापं १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्यातली.

म्हणजे बघा, तुमची तक्रार किनाऱ्यापासून पाच मैलांवर येणाऱ्या बोटींची असेल तर दिल्लीला पत्र लिहून उपयोग कमी, आणि वीस मैलांवर रात्री एलईडी लावून बसलेल्यांची असेल तर नुसत्या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून भागत नाही. तिथे केंद्राचा १० नोव्हेंबर २०१७ चा आदेश आहे ज्याने ईईझेडमध्ये एलईडी लाईट लावून मासेमारी करायला बंदी घातली, आणि २०२५ मध्ये केंद्राने ईईझेडसाठी नवे नियम काढले त्यातही ही बंदी आहे. निवेदनात हे दोन पाण्याचे दोन परिच्छेद वेगळे करा, एकत्र कालवू नका. एकत्र कालवलं की राज्यवाला म्हणतो केंद्राचा विषय, केंद्रवाला म्हणतो राज्याचा, आणि दोघंही अर्धे खरे असतात, हा त्यातला खरा वैताग.

किनाऱ्यावरच्या जमिनीचं गणित अजून वेगळं. सीआरझेडची अधिसूचना केंद्राची, १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालची, पहिली १९९१ ची, मग २०११ आणि आता २०१९ ची. पण प्रस्ताव तपासून शिफारस करतं ते राज्याचं सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण.

तिसरं: मूळ कागद वाचा, त्याच्यावरची बातमी नाही

कागदांची उतरंड डोक्यात पक्की ठेवा. संविधान, त्याखाली कायदा, कायद्याखाली नियम, मग अधिसूचना किंवा आदेश, मग शासन निर्णय म्हणजे जीआर, आणि तळाला परिपत्रक. खालचा कागद वरच्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. कोणी परिपत्रक दाखवून गप्प करायला बघत असेल तर शांतपणे विचारा की हे कुठल्या कलमाखाली काढलंय.

कायदे इंडिया कोडच्या साईटवर फुकट मिळतात, जीआर महाराष्ट्र शासनाच्या साईटवर, अधिसूचना राजपत्रात. आपल्या उदाहरणाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. तो उघडा आणि थेट कलम ४ वर जा. सरकारने कुठल्या भागात कुठल्या प्रकारच्या बोटी, किती बोटी, कुठली जाळी यांवर बंधन किंवा बंदी घालायची तो अधिकार तिथे आहे. आणि त्याच कलमात, हे मला फार उशिरा दिसलं, तो अधिकार वापरताना सरकारने काय काय लक्षात घ्यायचं तेही लिहिलंय: मच्छीमारांच्या वेगवेगळ्या गटांचं हित, त्यातही पारंपरिक होड्यांवाल्यांचं, माशांचं संवर्धन, समुद्रातली कायदा-सुव्यवस्था.

बस, हेच तुमच्या निवेदनाचे मथळे. मी आधी "आमची व्यथा", "आमचा इतिहास" असे मथळे द्यायचो. आता कलमात जे मुद्दे आहेत तेच मथळे देतो आणि प्रत्येकाखाली आमच्या वाडीची माहिती टाकतो. फाईल वर पाठवताना टिपणी लिहिणाऱ्या क्लार्कला कलमाशी जोडून लिहावं लागतं, ते काम तुम्ही आयतं करून दिलंत तर तुमचा मजकूर जसाच्या तसा टिपणीत उतरायची शक्यता वाढते.

मग दुरुस्त्या. १९८१ चा कायदा म्हणजे १९८१ चेच दंड नव्हेत, २०२१ च्या दुरुस्तीने ते लाखांत गेले. त्याच्याआधी डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश आला ज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला. म्हणजे जानेवारीत पर्ससीनने बांगडा मारून आणलेली बोट दिसली तर "अन्याय" म्हणायचं काही कारण नाही, "आदेशाचा भंग" म्हणा, तारीख वेळ जागा टाका. दोन शब्दांत केवढा फरक पडतो बघा, पहिल्यावर सहानुभूती मिळते, दुसऱ्यावर पंचनामा करावा लागतो.

माझी फजिती सांगतो. एका बैठकीत मी मोठ्या ऐटीत एक जीआर वाचला, नंबरासकट, तारखेसकट. समोरच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा जीआर दोन वर्षांपूर्वी अधिक्रमित झालाय, म्हणजे त्याच्या जागी दुसरा आलाय, नवा वाचला नाहीत का. पुढची वीस मिनिटं आमचं कोणी ऐकलं नाही, बाकीचे मुद्दे बरोबर असूनसुद्धा. तेव्हापासून कुठलाही जीआर सापडला की त्याच विषयाचे नंतरचे जीआर शोधतो आणि नव्याच्या "वाचा" या भागात जुन्याचा नंबर आहे का आणि खाली "अधिक्रमित करण्यात येत आहे" असं आहे का ते बघतो.

एक छोटी गोष्ट भाषेची. आपल्या राज्याचा कायदा मराठीत वाचा, नक्कीच वाचा, पण एखाद्या शब्दावरून वाद निघाला तर संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे अधिकृत इंग्रजी पाठ प्रमाण धरतात. म्हणून दोन्ही जवळ ठेवा.

चौथं: निकाल, आणि निकाल काय म्हणत नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण निम्मी निवेदनं इथे फसतात.

सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच साईटवर फुकट आहेत, काहींची मराठी भाषांतरंही मिळतात. इंडियन कानून या साईटवर शोधायला सोपं जातं. पर्ससीनवर शोधलंत की एक निकाल हमखास वर येतो, केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी, (१९९४) १ एससीसी ३०१ (एससीसी म्हणजे निकाल छापणारी मालिका, आकडे वर्ष, खंड आणि पानाचे). केरळने आपल्या हद्दीत पर्ससीन, रिंगसीन वगैरे जाळ्यांवर बंदी घातली होती, बोटवाले कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्टाने शेवटी बंदी योग्य ठरवली. पारंपरिक मच्छीमारांची रोजीरोटी आणि माशांचं संवर्धन यासाठी धंद्यावर असं बंधन घालता येतं असं त्यात आहे.

हे वाचल्यावर आपण लगेच लिहितो, "सुप्रीम कोर्टाने पर्ससीनवर बंदी घालावी असे म्हटले आहे." नाही हो. कोर्टाने असं म्हटलंय की सरकारने बंदी घातली तर ती टिकते. सरकारने घातलीच पाहिजे असं म्हटलेलं नाही. हा निकाल सरकारला मारायची काठी नाही, ती सरकारच्या हातात द्यायची ढाल आहे. त्यामुळे वाक्य असं करा: "असा आदेश काढल्यास तो न्यायालयात टिकू शकतो, केरळच्या कायद्यातील अशाच तरतुदीखालील बंदी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली आहे." अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त भीती स्टे येण्याची असते. तुम्ही त्याची ती भीती कमी करताय. भांडण्यापेक्षा हे कितीतरी जास्त चालतं, माझा तरी अनुभव तोच.

निकाल वाचायची माझी गावठी रीत अशी. सुरुवातीचं हेडनोट हे निकालाचा भाग नसतं, ते संपादकाने काढलेलं सार असतं, ते वाटाड्या म्हणून वापरायचं आणि त्यातून उतारा द्यायचा नाही. मग तथ्यं वाचायची, मग दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद. इथे सावध, कारण युक्तिवादातलं एखादं झकास वाक्य उचलून लोक "कोर्ट म्हणालं" म्हणून छापतात आणि ते हरलेल्या पक्षाचं निघतं. कोर्टाचं स्वतःचं म्हणणं शेवटाकडे असतं, तिथला परिच्छेद क्रमांक लिहून घ्या. आणि विचारा, हे वाक्य नसतं तर निकाल बदलला असता का? बदलला असता तर ते वजनाचं, नाहीतर जाता जाता मारलेली टिप्पणी. सुप्रीम कोर्टाचा कायद्याचा निर्णय अनुच्छेद १४१ ने सगळ्या देशातल्या कोर्टांना बांधतो, केरळ हायकोर्टाचा आपल्याला बांधत नाही, फक्त वाट दाखवतो.

अंतरिम आदेश वेगळा, अंतिम निकाल वेगळा. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना १२ सागरी मैलांच्या पलीकडे, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशा अटींवर परवानगी दिली. आपल्याकडचे पर्ससीनवाले हा आदेश हमखास पुढे करणार. उत्तर तुमच्याकडे आधीच तयार पाहिजे: तो अंतरिम आहे, आणि राज्याच्या हद्दीबाहेरच्या पाण्याचा आहे. बघा, दुसऱ्या पायरीवरचे १२ मैल इथे कामाला आले.

आणि निकाल अजून जिवंत आहे का ते बघा. आपल्या बांद्याच्या पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ झाला ना, त्याचंच घ्या. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्जात जंगलं आणि परिसराची माहिती नीट दिली नाही म्हणून पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली. तो निकाल पर्यावरण माहिती कशी द्यावी यावर खूप सुंदर आहे, जरूर वापरा, पण जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती स्थगिती उठली हेही त्याच ओळीत लिहा. तुम्ही नाही लिहिलंत तर समोरचा लिहील. अजून ताजं हवं तर, काम आधी आणि पर्यावरण मंजुरी मागून या पद्धतीला सुप्रीम कोर्टाने १६ मे २०२५ ला मनाई केली, आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला दोन विरुद्ध एक मताने तोच निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत! मे महिन्याची कात्रणं घेऊन डिसेंबरात कोणी सुनावणीला गेला असेल तर त्याचं काय झालं असेल.

एआयला विचारलंत तरी चालेल, मीही विचारतो, पण ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या केसचं नाव नंबरासकट बनवून देतं. मूळ निकाल स्वतः उघडून परिच्छेद डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही केस कागदावर घालायची नाही.

पाचवं: आकडे सरकारच्याच तोंडून काढा

कायद्याचा सांगाडा झाला, आता मांस. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतच हवा, पानंच्या पानं लिहू नका. "का कारवाई केली नाही?" असं विचारू नका, कारण माहिती म्हणजे कागद, कारणमीमांसा नव्हे. असं विचारा: आपल्या जिल्ह्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पर्ससीनचे किती परवाने चालू आहेत त्याची यादी, जानेवारी ते मे या काळात किती बोटींवर कारवाई झाली, किती दंड ठरला, किती वसूल झाला, गस्तीनौकेचं लॉगबुक. ठरलेला दंड आणि वसूल झालेला दंड हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की बरेचदा वेगळं काही बोलावं लागत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आपल्याकडचेही आकडे काढा. रापणीची वही असते ना, कुठल्या दिवशी किती मासळी, किती वाटे पडले? ती वही पुराव्याच्या दृष्टीने सोनं आहे, फक्त तारखा सलग पाहिजेत आणि वाईट दिवसांबरोबर चांगले दिवसही त्यात असले पाहिजेत. ज्या दिवशी तारली भरभरून लागली तो दिवस लपवलात तर सगळी वही संशयात.

सहावं: समोरच्याची बाजू तुम्हीच लिहा

ही पायरी कोणाला आवडत नाही. बैठकीत एकजण मला म्हणालासुद्धा, "तू त्यांचो वकील काय रे?" पण करा. अनुच्छेद १९(१)(छ) ने धंदा करायचा हक्क त्यांनाही आहे, त्यांच्यावर कर्जं आहेत, बोटीवर खलाशी आहेत, आणि पर्ससीनवाले सगळे बाहेरचे नाहीत, काही आपलेच भाऊबंद आहेत. यावर उत्तर असं की १९(६) खाली लोकहितासाठी वाजवी बंधन घालता येतं, जोसेफ अँटनी हेच सांगतो. मग प्रश्न उरतो तो "वाजवी" किती? म्हणून सरसकट बंदीच्या शेजारी एक मधला पर्याय द्या: हंगाम काटेकोर पाळणं, नवे परवाने नाहीत, परवाना परत करणाऱ्याला दुसऱ्या जाळ्यासाठी मदत. "सगळं नाहीतर काहीच नाही" असं मागितलं की बहुतेक वेळा काहीच नाही मिळतं.

सातवं: लिहा आणि योग्य वेळी द्या

दोन पानं. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात अधिकार देणारं कलम, मग कलमातल्या मुद्द्यांप्रमाणे माहिती, मग निकाल, मग समोरचा आक्षेप आणि त्याचं उत्तर, शेवटी मागणी परत, क्रमांक टाकून. "तीव्र आंदोलन" काढून टाका, करायचंच असेल तर ते वेगळ्या कागदावर. प्रत्येक विधानाच्या शेवटी जोडपत्राचा नंबर.

वेळ मात्र तुमच्या सोयीची नसते. नियमांचा मसुदा आला की हरकती-सूचनांची मुदत ठरलेली असते, पर्यावरण कायद्याखालच्या मसुद्यांना साधारण ६० दिवस. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेखालच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघायला हवी आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. नसेल मिळाला तर तोच तुमचा पहिला लेखी आक्षेप. सुनावणीत माईकवर ओरडून झालं तरी लेखी द्याच, कारण २००९ च्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात, तीही आपल्या शेजारच्या गोव्याची खाण, दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय की तज्ज्ञ समितीने लोकांच्या आक्षेपांचा विचार करून कारणं द्यायला हवीत. जो आक्षेप नोंदीत नाही त्याचं कारण कोण देणार?

कोर्टात जायची वेळ आली तर मात्र वकील गाठा, हा लेख तिथे पुरणार नाही. एवढं माहीत असू द्या की १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, रायगड-पालघरची मुंबईलाच. हरित न्यायाधिकरण पुण्यात, आणि तिथे मूळ अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, ती चर्चा करण्यात निघून जाते. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

निवेदन दिलंत की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा" म्हटलं तरी. त्या पोचेचा लगेच फोटो काढा आणि ग्रुपवर न टाकता स्वतःलाच मेल करून ठेवा, आणि कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वरच्या फळीवर, कारण जूनमध्ये आमच्याकडे खालच्या कपाटातल्या कागदांना बुरशी धरते आणि शिक्क्याची शाई सगळ्यात आधी जाते.